बिनपडद्याचा कॉम्प्युटर

अकोल्याकडच्या मालेगावच्या एका सरकारी कचेरीत मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले आणि त्याच संध्याकाळी भाड्याची खोली बघायला सरांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत साठीच्या आसपासचे एक गृहस्थ कानाला हेडफोन लावून टाइप करत बसले होते. बोटं भराभर चालत होती. टेबलावर कीबोर्ड होता, बाजूला प्रिंटर, खाली कॉम्प्युटरचा डबा. फक्त पडदा नव्हता. जिथे मॉनिटर असायला हवा तिथे पाण्याचा तांब्या ठेवलेला होता.

"मॉनिटर दुरुस्तीला दिलाय का?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"माळ्यावर हाये. चांगला हाये. तुले पाह्यजे काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बसले आहेत.

त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "चपला कोठी काढल्या?"

"दाराजवळ."

"दाराच्या कोणत्या हाताले?"

मला आठवेना. मी उठून बाहेर गेले आणि बघून आले. डाव्या हाताला होत्या.

"रोज तिथंच काढजो. आज इकडे, उद्या तिकडे, असं चालत नाई या घरात. बाकी काई अट नाई."

मागची खोली मला मिळाली आणि साडेतीन वर्षं मी तिथे राहिले. आता मी नागपुरात एका संस्थेचे सर्व्हर सांभाळते. कुठलीही गोष्ट बदलायच्या आधी मी किती वेळ घेते, यावरून ऑफिसात माझी चेष्टा होते. चेष्टा करणाऱ्यांना मी काही सांगत नाही. सांगायचं तर सरांपासून सुरुवात करावी लागेल, आणि ते चहाच्या सुट्टीत आटोपणारं नाही.

सर भूगोलाचे शिक्षक. मूळ गाव जऊळक्याजवळचं. काचबिंदूने त्यांची नजर तीन-चार वर्षांत थोडी थोडी करत गेली. नजर जात असल्याचं त्यांनी शाळेत कोणाला सांगितलं नाही, कारण नकाशे त्यांना पाठ होते. फळ्याकडे न बघता ते महाराष्ट्र काढायचे, गोदावरी काढायचे, पैनगंगा काढायचे. एक दिवस त्यांनी असाच नकाशा काढला, वळले, आणि वर्गात नेहमीपेक्षा जास्त शांतता असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सर, कालचा नकाशा पुसला नव्हता. त्याच्यावरच काढला तुम्ही."

"मंग समजते काय आता?" सरांनी विचारलं.

"नाही सर. पण आम्हाला पाठ आहे."

हे सांगताना सर हसायचे. त्याच आठवड्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

नंतर पुण्याला अंधांसाठीच्या वर्गात सहा महिने राहून ते कॉम्प्युटर शिकले. तिथल्या एका सोबत्याने त्यांना लिनक्स दिलं, कारण पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यात आधीपासूनच होता, वेगळा आणावा लागत नव्हता. परत येऊन त्यांनी अर्ज लिहून द्यायचं काम सुरू केलं. रेशन कार्डातलं चुकलेलं नाव, शाळेचा दाखला, विहिरीवरची वीज जोडणी, काहीही. माणसं सकाळी आठपासून ओट्यावर बसलेली असायची. कचेरीसमोर डोळस अर्ज लिहिणारे दोन-तीन होते, तरी लोक सरांकडे यायचे. मी एका म्हाताऱ्या बुवांना त्याचं कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "बाकीचे आमच्या तोंडाकडे पाहून लिहितात. हे पूरं आयकून लिहितात."

खरंच ते पुरतं ऐकायचे. माणूस आजोबांपासून सुरुवात करो की भावाच्या भांडणापासून, मध्ये तोडायचे नाहीत. मग तीन-चार वाक्यांत अर्ज संपवायचे. कोणी म्हणालं की गुर्जी, थोडं आमच्या हालाचंही लिहा, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "अर्जात रडाचं नाई. रडाचं असन तं साहेबासमोर रडजा." मग ते कॉम्प्युटरला अर्ज मोठ्याने वाचायला लावायचे. त्या वाचणाऱ्या आवाजाची मराठी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी होती. एका आजीने तो अर्ज शेवटपर्यंत ऐकला आणि काळजीने विचारलं, "बाईले सर्दी झाली काय वो गुर्जी?"

घरातल्या तक्रारीही ते अर्जानेच करायचे. एका दिवाळीत काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, साफसफाई करताना खाट हातभर सरकवली आणि सरांची नडगी फुटली. थोड्या वेळाने प्रिंटर चालला आणि काकूंच्या हातात कागद आला. विषय: खाट पूर्ववत करणेबाबत. खाली "अर्जदार" आणि सही. काकू पीठ मळत होत्या. त्यांनी तो कागद मला वाचायला लावला, म्हणाल्या, "मंजूर हाये म्हणा," आणि मला खाटेचं दुसरं टोक धरायला बोलावलं. असे अर्ज काकूंनी एका पिशवीत जपून ठेवले होते. सकाळी वंदना झाली की कधी कधी त्यातला एखादा काढून मला वाचायला लावत आणि स्वतः हसत बसत.

वस्तू जागेवर असण्याचा त्यांचा हट्ट घरापुरता नव्हता. माझ्या भावाच्या लग्नाला कारंज्याला जाताना सर, काकू आणि मी, तिघं एसटीत शेजारी बसलो होतो. मालेगाव सुटल्यापासून सर मला रस्ता सांगत होते. आता डावीकडे वळण येईल, आता गाडी चढाला लागेल, आता मोठा पूल. रस्ता नुकताच रुंद केला होता. पूल आला नाही. वळणही आलं नाही. सर थांबले. मग हळूच म्हणाले, "पूल कोठी गेला?"

"बाजूला राहिला सर. नवा रस्ता सरळ काढलाय."

"चांगलं झालं. वेळ वाचते," ते म्हणाले. पण त्यानंतर कारंजा येईपर्यंत त्यांनी समोरच्या सीटची दांडी सोडली नाही. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही. माझं सगळं लक्ष लग्नात होतं.

त्यांच्या कॉम्प्युटरचीही तीच गत. लिनक्सच्या बऱ्याच तऱ्हा असतात. सरांकडे होती ती सगळ्यांत संथ. एकदा बाहेर पडली की पुढची दोनेक वर्षं तिच्यात नवं काही घालायचं नाही, फक्त भोकं बुजवायची, अशा शिस्तीची. तिला स्थिर आवृत्ती म्हणतात. डेस्कटॉप, म्हणजे मेनू, खिडक्या, चित्रं हा सगळा दर्शनी भाग, तोही तितकाच जुना राहतो. दिसत नाही तर डेस्कटॉप हवा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"मले भिंत दिसत नाई म्हणून घराले भिंत नको काय? भिंतीले हात लावत लावतच तं मी न्हाणीत जातो."

त्यांना त्या डेस्कटॉपची पावलं पाठ होती. खालचा बाण चार वेळा, उजवा एकदा, एंटर, की कोरं पान. आवाज इतक्या वेगात लावलेला असे की मला तो टिनावर हरभरा ओतल्यासारखा ऐकू यायचा. सरांना त्यातला शब्द न् शब्द कळायचा.

सगळ्यांना ते त्यांच्या कामाने हाक मारायचे. मला ऑपरेटर. ते प्रेमानेच म्हणत होते, हे मला आज कळतं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, लिनक्स मला कॉलेजपासून येत होतं, आणि ती हाक मला थोडी टोचायची. आपल्याला नुसतं टाइप करण्यापेक्षा बरंच जास्त येतं, हे त्यांना एकदा दाखवावं असं मनात होतं.

संधी मिळाली ती ते चार दिवसांसाठी अकोल्याला मुलीकडे गेले तेव्हा. दिवाळी नुकतीच झाली होती. जाताना म्हणाले, "कागद डाव्या अंगाले सरकून निघून राह्यला म्हणतात लोकं. जमलं तं पाहून ठेवजो."

मी माळ्यावरचा मॉनिटर काढला, पुसला, जोडला. कागदाचा समास दहा मिनिटांत नीट झाला. पण मॉनिटर जोडल्यावर पहिल्यांदाच मला सरांचा डेस्कटॉप दिसला. करडी पट्टी, बारीक अक्षरं, मागे नुसता मातकट रंग. मला वाईट वाटलं. इतका हुशार माणूस आणि हे असलं घेऊन बसलाय. नवा डेस्कटॉप माझ्या लॅपटॉपवर होता आणि सुंदर होता. शिवाय नव्यात वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही सुधारला असेलच, असं मी गृहीत धरलं.

कॉम्प्युटर नवं सामान कुठून आणतो त्या पत्त्यांची एक यादी असते. तिच्यात मी अजून पुरती तयार न झालेल्या पुढच्या आवृत्तीचा पत्ता घातला आणि अपग्रेड सुरू केलं. पडद्यावर लांबलचक यादी आली. हे येणार, हे बदलणार, हे काढून टाकणार, चालेल का? मी वाचली नाही. हो म्हटलं. तासाभराने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला तर निळ्या डोंगराचं चित्र आलं, गोल कोपऱ्यांच्या खिडक्या उघडायला लागल्या. मी त्या नुसत्याच उघडून मिटून बघितल्या. आवाज येतो की नाही, हे तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी डोळ्यांनी तपासलं आणि डोळ्यांना सगळं ठीक दिसलं. मॉनिटर पुन्हा माळ्यावर ठेवला, तांब्या जागेवर ठेवला.

सोमवारी सकाळी सर कामाला बसले. मी मुद्दाम कचेरीत जायचं थांबवून दारात उभी राहिले. समोर जऊळक्याकडच्या वस्तीवरची एक बाई बसली होती. नवरा-बायको दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या टोळीसोबत निघणार होते. मुलगी सातवीत. तिला गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवायचं होतं, म्हणजे फडात न्यावी लागणार नाही आणि शाळा सुटणार नाही. अर्ज त्याच दिवशी दुपारपर्यंत पोचायला हवा होता.

सरांनी बटण दाबलं आणि वाट बघितली. रोज या वेळी आवाज येऊन नाव विचारायचा. आज काही आलं नाही. त्यांनी हेडफोनची पिन चाचपली, काढून पुन्हा लावली. दोन-तीन कळा दाबल्या. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी दारातून आत गेले.

"सर, मी नवा डेस्कटॉप टाकला. तुम्ही नव्हते तेव्हा."

"काहून?"

"जुना चांगला दिसत नव्हता."

"कोणाले?"

ते रागाने बोलले नाहीत. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "मशीन बंद पडली काय वो गुर्जी?"

"मशीन चालू हाये बाई. आवाज गेला तिचा." मग ते माझ्याकडे वळले. "ऑपरेटर, कागद घे. पेन घे. बाई, तुमी सांगा."

बाईने सांगितलं. सरांनी मला चार वाक्यं सांगितली, मी लिहिली. घाईत अक्षर वाईट आलं. "वाच," सर म्हणाले. मी वाचलं आणि सुरुवातीलाच पकडली गेले. मी स्वतःहून "मी अत्यंत गरीब व निराधार असून" असं घातलं होतं.

"थे कायले टाकलं? मी सांगतलं होतं काय?"

"नाही सर. म्हटलं साहेबांना दया येईल."

"थे वसतिगृह दयेचं नाई. जे कामाले बाहेर जातात त्याईच्याच लेकरासाठी हाये. बाई निराधारही नाई, नवरा हाये तिले. दुसरा कागद घे."

दुसऱ्या कागदावर मी त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं. बाईने सही केली, कागद पदराखाली धरला आणि गेली. मुलगी वसतिगृहात राहिली, हे आम्हाला आठ दिवसांनी तिच्या आजीने येऊन सांगितलं. पण ते आठ दिवस मी रोज मनात त्या कागदाच्या मागे जात होते. तो कागद वेळेत गेला नसता तर तो माझ्यामुळे गेला नसता.

ओट्यावरच्या बाकीच्यांना सरांनी उद्या यायला सांगितलं. मग म्हणाले, "आता तुह्या रजेचा अर्ज. मोबाईलवर लिही. विषय, अर्धा दिवस रजा मिळणेबाबत. कारण, घरगुती." मी लिहून पाठवला.

मी केलेलं सरळ उलट फिरवता येत नव्हतं. या सिस्टीममध्ये वर जायचा जिना असतो, खाली यायचा नसतो. जुनी आवृत्ती मुळापासून पुन्हा टाकायची, एवढाच मार्ग होता. मी म्हटलं, मॉनिटर काढते आणि तासाभरात करून देते.

"मॉनिटर नको. त्याच्यानंच झालं हे. तू इथं खुर्चीवर बस अन् हात मांडीवर ठेव. मी म्हणत नाई तोवर कशाले हात नको लावू."

कपाटातून त्यांनी एक पत्र्याची डबी काढली. त्यात पेनड्राइव्ह होते, प्रत्येकाला दोरा बांधलेला. आधीच्या आवृत्तीला एक गाठ, सध्याच्या आवृत्तीला दोन. दोन गाठींचा त्यांनी लावला आणि कॉम्प्युटर सुरू केला. डब्यातून बारीकशी टुंग ऐकू आली. सरांनी एक अक्षर दाबलं, एंटर दाबलं, आणि थोड्या वेळाने आतून इंग्रजीत बोलणं सुरू झालं. स्थापना करणारा प्रोग्रॅम स्वतःच बोलतो, हे कॉलेजची तीन वर्षं आणि वरचा सगळा माज धरूनही मला माहीत नव्हतं. ती टुंग मी शंभरदा ऐकली असेल. ती कोणासाठी आहे हा विचार कधी मनात आला नव्हता.

माझ्यासाठी त्यांनी हेडफोन काढून आवाज बाहेर दिला आणि वेग कमी केला. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, घड्याळ कुठलं. प्रत्येक प्रश्न पूर्ण संपल्याशिवाय ते कळ दाबत नव्हते. उत्तर माहीत असलं तरीही. मला बसवेना. माझी बोटं मांडीवर हलत होती.

मग डिस्कचा प्रश्न आला. सिस्टीमचा भाग पुसायचा होता आणि कागदपत्रांचा भाग तसाच ठेवायचा होता. तिथे अकरा वर्षांचे अर्ज होते. त्यांची दुसरी प्रत होती, पण ती महिन्याच्या एक तारखेची. त्यानंतर लिहिलेले अर्ज फक्त इथेच होते, आणि ते लिहून घेणारी निम्मी माणसं एव्हाना कामाला जिल्ह्याबाहेर गेली होती. आवाजाने यादी वाचली. सरांनी पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदा लावली. त्यांचं बोट कळेवर होतं, पण ते ती दाबत नव्हते. असं अडलेलं मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"ऑपरेटर, तू काय आयकलं?"

"दुसरा भाग पुसणार, सर. तिसरा तसाच ठेवणार."

"पक्कं?"

मी म्हटलं, एकदा पुन्हा लावा. डोळे मिटून ऐकलं. "पक्कं."

त्यांनी एंटर दाबलं.

पुढचे दोन तास काही करण्यासारखं नव्हतं. काकूंनी ज्वारीची भाकर आणि पिठलं तिथेच आणून दिलं. सरांनी ताट मांडीवर घेतलं आणि एक कान डब्याकडे ठेवून जेवले. त्यांनी मला काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. दीड वाजता कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, क्षणभर थांबला, आणि पत्र्याच्या डब्यातला तो आवाज बोलायला लागला. सरांनी खालचा बाण दाबला. एक, दोन, तीन, चार. उजवा. एंटर. कोरं पान. मग अर्जांची फाईल उघडली आणि सगळ्यात शेवटचा, मागच्याच आठवड्यातला अर्ज वाचायला लावला. त्यांचे खांदे खाली आले.

आतून काकूंनी विचारलं, "आली काय वो तुमची सर्दीवाली बाई?"

"आली," सर म्हणाले.

संध्याकाळी कचेरीतून आले तेव्हा सर ओट्यावर बसले होते. मी बॅग ठेवून समोर बसले. मला माफी मागायची होती, वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात तेच म्हणाले, "कसं दिसत होतं थे?"

"काय सर?"

"तू टाकलं होतं थे. सांग ना. मले पाहाले भेटलं नाई."

मी आधी चाचरत सांगितलं, मग नीट सांगितलं. वर एक पातळ काळी पट्टी. खिडक्यांचे कोपरे गोल. खिडकी मिटली की ती लहान होत होत खाली जाऊन नाहीशी होते. मागे निळ्या डोंगराचं चित्र, पायथ्याशी तळं.

"डोंगर कोणता? आपल्याकडचा?"

"नाही सर. वर बर्फ होता."

"उतार कसा होता? तीव्र की हळूहळू?"

मी आठवून सांगितलं. डावीकडे तीव्र, उजवीकडे लांबवर पसरलेला. त्यांनी तळहातावर बोटाने तो उतार काढून बघितला. "चांगलं होतं म्हणजे," ते म्हणाले. "बदलाले माही ना नाई वं. पण बदलाच्या आधी मले सांगाले पाह्यजे, अन् मले जसं कळते तसं तपासून पाहाले पाह्यजे. एवढंच हाये."

माफी मागायची राहून गेली. त्याऐवजी मी विचारलं, "मला शिकवता का, ऐकून काम करायला?"

त्यानंतर रोज कचेरीतून आल्यावर तासभर मी त्या तांब्यासमोर बसायचे. पहिला महिना नुसता वैतागाचा गेला. वाक्य संपेपर्यंत थांबायची मला सवयच नव्हती. सर बाजूला बसून एवढंच म्हणायचे, "त्याले बोलू दे." पुढे मला कळायला लागलं की डोळ्यांनी मी वाचतच नव्हते, वरवर चाळत होते. कानाला चाळता येत नाही. जे आहे ते आहे त्या क्रमाने ऐकावं लागतं. नागपूरची नोकरी मला मिळाली ती यामुळे. मुलाखतीत त्यांनी बिघाडाची एक लांबलचक नोंद दाखवली होती. सगळे उमेदवार शेवटची ओळ बघून उत्तर देत होते. मी पहिल्या ओळीपासून वाचत गेले आणि अठराव्या ओळीवर थांबले.

पुढच्या पावसाळ्यात नवी स्थिर आवृत्ती बाहेर पडली. मला वाटलं आता सर टाकायला घेतील. ते तीन-चार महिने थांबले. आधी लोक काय म्हणतात ते ऐकलं. मग त्या आवृत्तीसोबतचं निवेदन आठ दिवस, रोज संध्याकाळी थोडं थोडं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावलं. पाचव्या दिवशी आवाजाच्या व्यवस्थेचा परिच्छेद आला. जुनी व्यवस्था जाऊन नवी येते आहे, वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर अमुक आधी बघा, मग तमुक करा. मी वर्षापूर्वी जे मोडलं होतं, नेमकं तेच.

"पाह्य," सर म्हणाले. "कोणीतरी बसून लिहून ठेवलं ना आपल्यासाठी."

त्या हिवाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी कागदपत्रांची ताजी प्रत काढली, दोनदा उघडून ऐकली आणि डबीत ठेवली. मला वाटलं आता ते बसतील आणि मी मांडीवर हात ठेवून ऐकेन. ते खुर्चीवरून उठले.

"बस. तू कर."

"मी? तुम्ही इथे थांबता ना?"

"मी काय करू थांबून? तुरीच्या शेंगा सोलाच्या राह्यल्या."

आणि ते खरोखर ओट्यावर जाऊन काकूंसोबत शेंगा सोलत बसले. अर्ज लिहून घ्यायला तीन माणसं आली होती, त्यांनाही दोन-दोन मुठी शेंगा दिल्या.

मी हेडफोन लावला. काढून टाकायच्या गोष्टींची यादी आली तेव्हा ती पूर्ण ऐकली आणि पुन्हा ऐकली. एक नाव आवाजाशी संबंधित होतं. मी तिथेच थांबले, निवेदनातला तो परिच्छेद काढला, सांगितलं होतं तसं केलं आणि यादी परत मागवली. ते नाव आता काढण्याच्या यादीत नव्हतं. मग हो म्हटलं. नवा डेस्कटॉप आला, मागे कुठलं चित्र होतं ते मला आजही माहीत नाही. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काहीच ऐकू आलं नाही. मी हात मांडीवर ठेवले आणि थांबले. मग आवाजाने नाव विचारलं. मी चार वेळा खालचा बाण, एकदा उजवा, एंटर दाबून बघितलं. कोरं पान आलं. एक ओळ लिहिली, ती वाचून घेतली, छापून घेतली. सगळं दोनदा केलं आणि मग ओट्यावर गेले.

"सर, झालं."

त्यांनी हात झटकले, भिंतीला हात लावत आत आले, खुर्चीवर बसले आणि हेडफोन कानाला लावला. मला वाटलं ते आता सगळं तपासतील, प्रत्येक मेनू उघडून बघतील. मी बाजूला उभी राहिले. त्यांनी एक कळही तपासायला दाबली नाही. मान दाराकडे वळवली.

"पहिले कोण आलं? या. बसा. सांगा."

पांढऱ्या टोपीचे एक काका आत येऊन बसले आणि धाकट्या भावापासून सांगायला लागले. सर ऐकत राहिले. मला कचेरीत उशीर होत होता, तरी मी दाराशी थांबले. बऱ्याच वेळाने बोटं चालली, आणि प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज आला. मग मी चपला घातल्या आणि निघाले.